चॅट्सवर्थच्या गाडीखान्यात हॉटेल: पटतं का तुम्हाला?

वाटसरू
इंग्लंडच्या डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ, डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा वाडा, पाहून आलो. वाडा भव्य आहेच, पण जीव अडकला तो वरच्या चढावरच्या पागेत. वास्तुकार जेम्स पेनने १७६० च्या सुमारास चौथ्या ड्यूकसाठी बांधलेली. मधे चौक, वेशीवर मनोरा, खांबांना वेढणारे राकट दगड. ८० घोड्यांची सोय, लोहाराचं दुकान, वर दाण्याची कोठारं आणि मोतद्दारांच्या खोल्या. मागचा गाडीखाना सहाव्या ड्यूकने १८३० च्या दशकात बांधला. आता तिथे लोक जेवतात. मला हे अजिबात पटलं नाही. वाड्यातल्या, चित्रकार लागेरने रंगवलेल्या दालनात कुणी टेबलं मांडली असती का? राबणाऱ्यांच्या इमारतीलाच हा न्याय का?

गवंडी
साफ असहमत. पागेतले शेवटचे घोडे १९३९ मध्ये गेले, पुढे तिथे सामान आणि मोटारी. १९५० मध्ये दहावे ड्यूक वारले आणि ८० टक्के वारसाकर आला. तो फेडताना घराण्याची हार्डविक हॉलसारखी वास्तू सरकारला द्यावी लागली. त्या शतकात इंग्लंडमधले असे शेकडो वाडे जमीनदोस्त झाले. छतावरचे शिशाचे पत्रे बदलायचे तर पैसा हवा, तो जेवणाऱ्यांकडून आला तर काय बिघडलं? आणि चॅट्सवर्थ एका जागी थांबलं होतं कधी? वास्तुकार टॉलमनने १६८७ पासून जुनं एलिझाबेथकालीन घर पाडतच नवी दक्षिण बाजू उभारली.

सांजवात
गवंडी, वाड्याचं रूप बदललं तरी तो राहता वाडाच होता. गाडीखान्याचं कामच संपलं. घोड्यांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियाने गाड्यांचं व्हार्निश आणि दारावर रंगवलेली कुळाची चिन्हं खराब होत, म्हणून जाणती माणसं गाड्या घोड्यांपासून वेगळ्या, कोरड्या जागेत ठेवत. दारं रुंद आणि उंच ती गाडीसाठी. गाडीच नसेल तर त्या दाराचं माप कुणाला कळणार? त्याच जिल्ह्यातला कॅल्क ॲबी हा जुना वाडा बघा. १९८५ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. पडझड थांबवली, पण झिलई चढवली नाही. तिथल्या गाड्या अजून तिथेच आहेत.

गवंडी
कॅल्क वाचवायला सरकारी तिजोरीतून पैसा आला. प्रत्येक पागेसाठी तो कुठून येणार? आणि वाटसरू, राबणाऱ्यांचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो: घोडे गेल्यावर मोतद्दारांच्या खोल्यांची घरं केली, ती चॅट्सवर्थमधल्या निवृत्त नोकरांना आणि त्यांच्या विधवांना राहायला दिली.

वाटसरू
हे माहीत नव्हतं, वाचून बरं वाटलं. वरच्या मजल्यापुरतं तुमचं मान्य. माणसं राहत होती तिथे माणसंच राहिली. खालच्या गाडीखान्याबाबत मी सांजवातच्या बाजूने. निदान एक बग्गी तरी त्या रुंद दारात उभी असायला हवी, टेबलं चार कमी झाली तरी चालतील.