समोर प्रतिसाद देणारी माणसं असतील, तर मॉडेल बनवताना गेम थिअरी टाळता येते का?

काठावरचा

मशीन लर्निंग शिकवताना इन्फर्मेशन थिअरी (माहिती आणि अनिश्चितता मोजण्याचं गणित) आपण नाव न घेता वापरतो आणि गेम थिअरी (एकमेकांच्या चाली बघून निर्णय घेणाऱ्यांचं गणित) शेवटच्या तासावर ढकलतो. मॉडेल नुसतं अंदाज वर्तवणार नसून निर्णयही घेणार असेल, तर मला हे चुकीचं आणि धोक्याचं वाटतं.

वर्गीकरण करणारी बहुतेक न्यूरल मॉडेलं क्रॉस-एन्ट्रॉपी कमी करत शिकतात. म्हणजे खरं उत्तर समोर आल्यावर मॉडेलला सरासरी किती बिटांचा (बिट म्हणजे माहितीचं एकक) धक्का बसतो, ते मोजायचं आणि कमी करत न्यायचं. क्लॉड शॅननने १९४८ साली मांडलेली एन्ट्रॉपी, म्हणजे उत्तरात मुळातच असलेल्या अनिश्चिततेचं माप, ही त्याची खालची मर्यादा. त्याखाली कुठलंच मॉडेल जाऊ शकत नाही. मोजमाप सुंदर आहे, पण त्यात जग जागच्या जागी उभं राहतं असं गृहीत धरलेलं असतं.

कर्जमंजुरीचं मॉडेल घ्या. अर्जातल्या कुठल्या रकान्याला वजन आहे हे अर्जदारांना कळलं, की ते नेमका तोच रकाना सुधारतात. परतफेडीची कुवत आहे तेवढीच राहते. स्पॅम पाठवणारेही फिल्टर बघून मजकूर बदलतात. आपण याला ‘डेटा बदलला’ म्हणून मोकळे होतो. पण डेटा आपोआप बदललेला नाही, कुणीतरी आपल्या चालीला उत्तर दिलंय.

आकडेमोड

निदान बरोबर, औषध चुकीचं. गेम थिअरी आणायची म्हणजे समतोल शोधायचा: एकट्याने चाल बदलून कुणालाच फायदा होणार नाही अशी स्थिती, म्हणजेच नॅश समतोल. पण दोनच खेळाडूंच्या सर्वसाधारण खेळातही नॅश समतोल काढण्याची कार्यक्षम रीत कुणाला सापडलेली नाही, आणि ती नसावी असं मानायला गणितात भक्कम कारणं आहेत. लाखो अर्जदारांचा समतोल कोण काढणार? शिवाय प्रत्येकाला कसलेला प्रतिस्पर्धी समजून मॉडेल बांधलं, तर ते प्रामाणिक अर्जदारावरही संशय घेणार. त्या माणसाचा काय दोष?

जीएएनचं (एक नेटवर्क खोटी चित्रं बनवतं, दुसरं ती ओळखू पाहतं) उदाहरण ताजं आहे. २०१४ साली दोन नेटवर्कना एकमेकांविरुद्ध खेळवण्याची ती कल्पना आली आणि प्रशिक्षण स्थिर ठेवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. पुढे चित्रनिर्मिती मुख्यतः डिफ्यूजन मॉडेलांकडे (ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने चित्र साफ करणारी) गेली. तिथे प्रतिस्पर्धी नाही, चूक मोजणारं एक साधं माप (लॉस) आहे. माझं म्हणणं सरळ आहे: नवा डेटा घ्या, मॉडेल वरचेवर पुन्हा शिकवा.

काठावरचा

@आकडेमोड, पुन्हा शिकवणं हीसुद्धा चालच आहे. दगड-कागद-कात्रीत समोरच्याच्या मागच्या चालीवर दर वेळी सर्वोत्तम उत्तर देत राहिलात तर कुठेच पोचत नाही, फिरत राहता. जीएएन का डगमगतात तेही इथेच कळतं. एक जण x आणि y यांचा गुणाकार कमी करू पाहतो, दुसरा वाढवू पाहतो, दोघं एकाच वेळी आपापल्या उताराने-चढाने पावलं टाकतात. इतक्या साध्या खेळातही ते मधल्या समतोलापासून गोल फिरत लांब जातात. प्रतिस्पर्ध्याला हिशेबात न घेता हे समजणार कसं?

आणि समतोल काढलाच पाहिजे असं कुठे आहे? रिग्रेट (मागे वळून बघताना वाटणारी हळहळ) कमी करणाऱ्या पद्धती समोरचा शहाणा आहे की वेडा, असलं काहीच गृहीत धरत नाहीत. एकच ठरावीक चाल सतत खेळलो असतो त्यापेक्षा आपण सरासरी फार मागे राहणार नाही, एवढी हमी त्या देतात.

बंद_पत्ते

रिग्रेटचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१७ साली अशाच पद्धतीवर उभ्या असलेल्या लिब्राटस या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रामने चार व्यावसायिक पोकरपटूंना १,२०,००० डावांत हरवलं. तो दोघांचा शून्य-बेरजेचा (एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा) खेळ होता, तिथे सिद्धांत पाठीशी उभा असतो. २०१९ मध्ये प्लुरिबस हा तसाच प्रोग्राम सहा जणांच्या टेबलावर जिंकला, तिथे ती हमी उरतच नाही. तरी जिंकला. म्हणजे पद्धत सिद्धांताच्या हद्दीबाहेरही चालली, पण का चालली याचं पूर्ण उत्तर सिद्धांताकडे नाही. दोन्ही बाजूंनी हे नीट पचवायला हवं.

संभाव्यता

मला वाटतं @काठावरचा यांनी प्रतिस्पर्ध्याला फारच मोठं केलंय. निर्णय चुकायला समोर कुणी असावंच लागतं असं नाही.

६०% वेळा तुमच्या बाजूने पडणारं नाणं आहे, जिंकलात तर लावलेली रक्कम दुप्पट होऊन परत येते. बेल लॅब्समधल्या जॉन केलीने १९५६ साली दाखवलेल्या रीतीने दर वेळी जवळच्या पैशांपैकी २०% लावले, तर पैसे दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढतात: दर डावाला सुमारे ०.०२९ बिट, म्हणजे साधारण ३४ डावांत दुप्पट. हा ०.०२९ आकडा येतो कुठून? पूर्ण अनिश्चिततेच्या एका बिटातून त्या नाण्याची एन्ट्रॉपी वजा केली की तोच उरतो. मला हे गणितातल्या सर्वांत देखण्या निकालांपैकी एक वाटतं. आता २०% ऐवजी ४०% लावा. प्रत्येक डावाचा अपेक्षित नफा अजूनही धनच, तरी वाढीचा दर शून्याच्या किंचित खाली जातो आणि तुम्ही हळूहळू बुडता. अंदाज बिनचूक, निर्णय घातक, आणि समोर फक्त एक नाणं!

काठावरचा

@संभाव्यता, उदाहरण फार आवडलं. पण एकट्याच्या निर्णयात फुकट मिळालेली जादा माहिती कधीच नुकसान करत नाही. नको असेल तर दुर्लक्ष करता येतं. अनेक जण आले की हे मोडतं. अर्थशास्त्रज्ञ जॅक हिर्शलायफरने १९७१ साली हे मांडलं. विम्याचं उदाहरण घ्या. कोण आजारी पडणार हे कुणालाच माहीत नसतं म्हणून सगळे मिळून जोखीम वाटून घेतात. विमा घेण्याआधीच प्रत्येकाचं भविष्य अचूक आणि जाहीर झालं, तर निरोगी माणूस हप्ता भरणार नाही आणि आजारी पडणाऱ्याला विमाच मिळणार नाही. माहितीचे बिट वाढले, पण आधार गेला. अचूक मॉडेल बनवणाऱ्या प्रत्येकाने यावर विचार केलाच पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

आकडेमोड

विम्याचं मान्य. तरी माझी अट कायम आहे: प्रतिसाद आहे हे आधी दाखवा. ढग हवामानाचा अंदाज वाचून दिशा बदलत नाहीत. तिथे खेळ कल्पून वेळ घालवू नका. माणसांच्या बाबतीत थोड्या अर्जांवर मॉडेल बाजूला ठेवून चिठ्ठ्या टाकून निर्णय घ्या. मग दोन गोष्टी कळतील. मॉडेल ज्यांना नाकारतं त्यांच्यातले किती जण खरंच कर्ज फेडतात, आणि मॉडेलने निवडलेले पूर्वीइतकेच नियमित फेडतात की फक्त रकाने भरायला शिकलेत. यात काही कर्जं बुडतील. पण ती माहितीची किंमत आहे, आणि समतोलाच्या गणिताला हात घालण्याआधी मी ती मोजेन.

संभाव्यता

आणि त्या चिठ्ठ्या किती अर्जांवर टाकायच्या, ते कर्ज बुडण्याचं नुकसान आणि मिळणारे बिट यांची सांगड घालूनच ठरवावं लागेल. तो आकडा अंदाजाने ठरवू नका.