'बाउडलराइज' : थॉमस बाउडलरवर अन्याय करणारं क्रियापद?

इंग्रजीत 'बाउडलराइज' हे क्रियापद क्वचितच भेटतं. अश्लील वा आक्षेपार्ह वाटणारा मजकूर सोवळेपणाने कापून साहित्यकृती निर्जीव करणं, हा त्याचा अर्थ. पानं वाचवायला उतारा गाळला तर हे क्रियापद चालत नाही. त्यात हेटाळणी मुरलेली आहे. ते आलं डॉ. थॉमस बाउडलर या इंग्रज गृहस्थाच्या आडनावावरून. 1818 साली त्याने शेक्सपिअरची 36 नाटकं कुटुंबात मोठ्याने वाचता येतील अशी 'साफ' करून दहा खंडांत काढली. 1825 मध्ये तो वारला आणि 1836 मध्ये त्याच्या नावाचं क्रियापद छापून आलेलं सापडतं.

मला हा अन्याय वाटतो. त्याने काही लपवलं नव्हतं. मूळात भर घातलेली नाही, फक्त घरात वाचता न येणारे शब्द गाळले आहेत, असं शीर्षकपानावरच छापलं होतं.

प्रतिसाद १ :
भर घातली नाही? मग 'मॅकबेथ' नाटकातल्या लेडी मॅकबेथच्या तोंडचा 'डॅम्ड स्पॉट' (मेला डाग) 'क्रिम्झन स्पॉट' (किरमिजी डाग) कसा झाला? तिथे अपराधाने पोखरलेली बाई स्वतःच्या हातावरच्या डागाला शाप देते आहे. शाप काढून रंग भरला की उरतो नुसता डाग. हेटाळणी रास्तच आहे.

प्रतिसाद २ :
आडनाव बरोबर, माणूस अर्धाच. 1807 ची पहिली आवृत्ती, 20 नाटकांची, त्याची बहीण हॅरिएट हिने केली. तिचं नाव पुस्तकावर नव्हतंच. अविवाहित बाईला ते अश्लील संदर्भ कळतात हे उघड करणं त्या काळी शक्य नव्हतं. अन्याय म्हणायचा तर हा म्हणा.

धागाकर्ता :
हॅरिएटबद्दल पूर्ण सहमत. पण प्रतिसाद १, स्विनबर्नसारखा सोवळेपणाचा कट्टर विरोधक कवीसुद्धा म्हणाला होता, की शेक्सपिअरची बाउडलरइतकी सेवा कुणीच केली नाही, कारण त्याच्यामुळे तो बुद्धिमान मुलांच्या हाती देता आला. हे कसं नाकारणार?

प्रतिसाद १ :
मुलांना गोष्टी सांगा, संक्षिप्त रूप द्या, कुणाची ना नाही. पण मग त्याला शेक्सपिअरचं नाटक म्हणू नका. 'ऑथेल्लो' कितीही कापलं तरी घरात वाचण्याजोगं होत नाही, हे खुद्द बाउडलरनेच लिहून ठेवलंय. संशय आणि मत्सर ज्या शब्दांतून पेटतो तेच काढल्यावर त्यातल्या खलनायकाकडे, इयागोकडे, उरतं काय?