दराच्या रकान्याखालचा पॉपअप: कीबोर्डवरचा हात न हलवता कसा वापरता येईल?

पेठेतला_प्रोग्रामर
बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. डेस्कटॉपच आहे, डब्ल्यूपीएफमधलं (विंडोजवरचे प्रोग्रॅम लिहायची मायक्रोसॉफ्टची चौकट). काउंटरवरचे काका माउसला हात लावत नाहीत. आयटम, नग, दर, एंटर, पुढची ओळ. गिऱ्हाईक घासाघीस करताना "मागच्या वेळी पितळी बिजागरी कितीला लावली होती?" असं विचारतं, तेव्हा त्यांना अर्धं बिल तसंच ठेवून जुनी बिलं उघडावी लागतात. मागे रांग थांबते. हे मला बघवत नाही. म्हणून दराच्या रकान्याखाली त्या गिऱ्हाइकाचे शेवटचे ३ दर दाखवणारा पॉपअप केलाय. मालकांचा मुलगा माउस वापरतो, त्याच्यासाठी शेजारी टॉगल बटण आहे, एकदा दाबलं की पॉपअप उघडायचा, पुन्हा दाबलं की मिटायचा.

अडचणी अशा. पॉपअपचं 'स्टेज-ओपन' (StaysOpen, म्हणजे बाहेर क्लिक केलं तरी उघडा राहू दे) फॉल्स ठेवलं तर बाहेर क्लिक केल्यावर पॉपअप मिटतो, पण त्याच बटणावर क्लिक केलं की मिटून लगेच पुन्हा उघडतो. ट्रू ठेवलं तर खिडकी सरकवली तरी पॉपअप जागचा हलत नाही, आणि दुसरं सॉफ्टवेअर उघडलं तरी त्याच्यावर तरंगत राहतो. शिवाय पॉपअपमधल्या यादीवर फोकस (टाइप केलेलं जिथे जातं ती जागा) नेला की काकांचं टायपिंग तुटतं.

कोथरूडकर
इतका खटाटोप कशाला? एफ७ दाबला की छोटी डायलॉग खिडकी उघडायची, एस्केपने बंद. फोकसची भानगडच नाही.

पेठेतला_प्रोग्रामर
डायलॉग उघडला की बिलाची ओळ अडकते, तो बंद केल्याशिवाय पुढचा आकडा टाकता येत नाही. काकांना दर नुसता बघायचा असतो. दहापैकी नऊ वेळा ते बघतील आणि स्वतःचाच आकडा टाकतील. त्या नऊ वेळांसाठी त्यांना जास्तीची कळ दाबायला लावणं मला पटत नाही.

कर्वेरोड_डेव्ह
बरोबर आहे तुमचं. मग फोकस पॉपअपमध्ये नेऊच नका. दराच्या टेक्स्टबॉक्समध्येच राहू द्या. यादीचं 'फोकसेबल' फॉल्स करा, टेक्स्टबॉक्सच्या 'प्रीव्ह्यू-की-डाउन'मध्ये (कळ दाबताच चालणारा कोड) वरचा-खालचा बाण पकडा आणि यादीतली निवड कोडमधून सरकवा. बाणाने ओळ निवडली असेल तरच एंटरने तो दर उचलायचा. नसेल तर एंटरचं नेहमीचं काम होऊ द्या. हे चुकलं तर काकांनी टाकलेल्या आकड्यावर जुना दर बसेल आणि बिल झाल्यावर कळेल. एस्केपही इथेच पकडा, कारण साधा पॉपअप एस्केपने आपोआप मिटत नाही. आणि उघडायला नवी कळ शोधू नका. ऑल्ट आणि खालचा बाण ठेवा, विंडोजचा कॉम्बोबॉक्स (खाली यादी उघडणारा रकाना) त्यानेच उघडतो.

बटणाचं कारण सांगतो. स्टेज-ओपन फॉल्स असताना पॉपअप माउस पकडून ठेवतो. बटणावर माउस दाबला की ते 'बाहेरचं क्लिक' धरून तो मिटतो, बाइंडिंगमुळे (बटण आणि पॉपअपची स्थिती एकमेकांना जोडलेली असल्यामुळे) बटणही वर येतं. मग बोट उचललं की बटणाचं स्वतःचं क्लिक पूर्ण होतं आणि ते पुन्हा उघडतं. पॉपअप उघडा असेपर्यंत बटणाचं 'इजहिटटेस्टव्हिजिबल' (माउसचं क्लिक घ्यायचं की नाही) फॉल्स राहील असं बाइंडिंग लावा, म्हणजे दुसरं क्लिक त्याला लागणारच नाही.

पॉपअप सरकत नाही कारण विंडोजच्या लेखी ती वेगळी खिडकी आहे. मुख्य खिडकीच्या 'लोकेशन-चेंज्ड' (खिडकी सरकली) आणि 'डीअ‍ॅक्टिव्हेटेड'वर (दुसरी खिडकी पुढे आली) पॉपअपचं 'इजओपन' फॉल्स करून टाका. काही जण पॉपअपचा ऑफसेट (जागेपासूनचं अंतर) एक पिक्सेल पुढे-मागे करून त्याला खिडकीबरोबर ओढत नेतात. दर बघायच्या पॉपअपला ते नको, मिटलेला बरा.

कोथरूडकर
हे मान्य. पण मॉनिटर लहान असेल तर जागा तपासा. खाली जागा पुरली नाही की पॉपअप आपोआप वर जातो, आणि नुकत्याच टाकलेल्या ओळी झाकतो.

पेठेतला_प्रोग्रामर
काउंटरवर १३६६ बाय ७६८चाच मॉनिटर आहे आणि लांब बिलात नेमकं हेच होतंय. 'प्लेसमेंट' राइट करून रकान्याच्या उजवीकडे काढला, तिथे रकमेचा रकाना सोडला तर काही झाकलं जात नाही. बटण आणि एस्केप दोन्ही सुटले. पण दुकानातल्या टच लॅपटॉपवर हाच पॉपअप डावीकडे उघडतोय आणि नगांवर बसतोय. कोड तोच आहे.

कर्वेरोड_डेव्ह
कोडचा दोष नाही. टॅबलेट पीसी सेटिंग्जमध्ये 'उजव्या हाताने लिहिणारे' निवडलेलं असेल, तर मेन्यू हाताखाली झाकू नयेत म्हणून विंडोज ते डावीकडे उघडतं, आणि डब्ल्यूपीएफचा पॉपअपही तीच सेटिंग मानतो. कोडमध्ये 'सिस्टम-पॅरामीटर्स'मधलं 'मेन्यू-ड्रॉप-अलाइनमेंट' तपासा, त्या लॅपटॉपवर ट्रू मिळेल. त्यांची सेटिंग बदलायला जाऊ नका. 'प्लेसमेंट' कस्टम करून जागा स्वतः ठरवा.