मायनर लीग हॉकी म्हणे स्वस्त! आधी माझी पावती बघा

गारठलेला
बॉस्टनकडच्या आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीने यंदा जानेवारीत हॉकीची मॅच बघायला जायचं ठरवलंय. (हॉकी म्हणजे बर्फावरची. तिकडून नुकत्याच आलेल्यांच्या डोळ्यांसमोर अजून हिरवं टर्फच येतं.) ईमेलमध्ये लिहिलंय की एनएचएल (इथली सगळ्यात वरची हॉकी लीग) परवडत नाही, पण एएचएल आणि ईसीएचएल म्हणजे खिशाला परवडणारी कौटुंबिक मजा. माझं भांडण या वाक्याशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एनएचएलच्या एक पायरी खाली एएचएल आणि तिच्याही खाली ईसीएचएल. बॉस्टन ब्रुइन्सची उद्याची पोरं प्रॉव्हिडन्सला खेळतात ती एएचएलमध्ये. आमच्या जवळच्या वूस्टरला रेलर्स आहेत ते ईसीएचएलमध्ये.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं एका मॅचला गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, उगाच वाद नको. तिकिटं २८ डॉलरची चार, म्हणजे ११२. त्यावर 'सुविधा शुल्क' २२. सुविधा कोणाची हे अजून कळलेलं नाही. पार्किंग २०. खाणं ६८. त्यात आम्ही शाकाहारी, म्हणजे प्रेट्झेल, नाचोज, फ्राइज आणि पुन्हा प्रेट्झेल. धाकट्याला फोमचं भलंमोठं बोट आणि मोठीला टोपी, ४५. एकूण २६७ डॉलर. पेट्रोल आणि टोल धरलेला नाही.

शिवाय दारात कळलं की बायकोची पर्स ठरलेल्या मापापेक्षा मोठी आहे. ती गाडीत ठेवायला मी परत दहा मिनिटं चालत गेलो, कानटोपी गाडीतच राहिली होती. आत आलो तेव्हा पहिला गोल होऊन गेला होता. धाकटा दुसऱ्या पिरियडमध्ये (मॅचचे तीन भाग असतात, त्यातल्या) झोपला. घरी पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

मजा आली नाही असं नाही. पण याला 'परवडणारं' म्हणू नका, एवढंच.

शॅरनकर
पावती वाचली. ६८ आणि ४५ हे हॉकीच्या नावावर का टाकलेत? ते 'पोरांना नाही म्हणता येत नाही' या खात्यातले आहेत. ते वजा केले की उरले १५४. चौघांची अख्खी संध्याकाळ १५४ डॉलरमध्ये. त्याच चौघांना एनएचएलच्या मॅचला नेऊन दाखवा, मग पावती टाका.

आणि गाडी कशाला काढायची? आम्ही शॅरनहून प्रॉव्हिडन्सला ट्रेननेच जातो. शनिवार-रविवारचा एमबीटीएचा (बॉस्टनकडच्या लोकल ट्रेनचा) वीकेंड पास १० डॉलरचा आहे, कितीही फिरा. अकरा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. म्हणजे आम्हा चौघांचं येणंजाणं २० डॉलरमध्ये. स्टेशनपासून अरीना चालत. रविवारची दुपारी तीनची मॅच धरायची, सहाच्या आत बाहेर, रात्रीचं जेवण घरी. पोरं ट्रेनमध्ये झोपली तरी त्यांना कारसीटमध्ये बांधायचं नसतं.

गारठलेला
शॅरनकर, तुमच्या दारात प्रॉव्हिडन्स लाइन आहे म्हणून तुम्हाला स्वस्त. मी वेस्टबरोला राहतो. मला ट्रेनने प्रॉव्हिडन्सला जायचं तर आधी बॉस्टन गाठायचं, तिथे गाडी बदलायची आणि मग उलट खाली यायचं. म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जायला आधी दादर.

आणि पोरांना 'नाही' म्हणायचं खातं? जागेवर येऊन बसा. मॅस्कॉट पायऱ्या उतरत येतो, मागोमाग खेळण्यांची ट्रॉली, बर्फावर फेकायला फोमचे पक (चेंडूऐवजी असते ती चकती) विकणारा माणूस, अर्धी रक्कम जिंकणाऱ्याची असं ओरडत फिरणारा सोडतवाला. अडीच तास समोरून जत्रा जात असते. जत्रेत नेऊन पोराला पिपाणी घ्यायची नाही, असा बाप मला दाखवा.

मीठभाकर
पैशांचं राहू दे. जानेवारीच का, हा माझा प्रश्न आहे. इथे जानेवारीत वादळ येणार की नाही हे गुरुवारपर्यंत कळत नाही. शनिवारी फूटभर बर्फ पडलं तरी पाहुणा संघ शुक्रवारी बसने येऊन हॉटेलात झोपलेला असतो. मॅच होते. मॅच झाली म्हणजे तिकिटाचे पैसे परत नाहीत. आणि आपण ड्राइव्हवेत फावडं घेऊन उभे. चाळीस जणांचे पैसे मंडळाने आगाऊ भरलेले असतील तर 'आम्ही येऊ शकलो नाही, आमचे परत द्या' हे फोन कमिटीच्या कोणाला घ्यायचेत?

घरी बसून बघायचं असेल तर एएचएल आणि ईसीएचएल दोन्ही फ्लोहॉकी या ऑनलाइन सेवेवर दिसतात. वर्गणी एकाने भरा, भजी सगळ्यांनी आणा.

कमिटीवाली
ज्या ईमेलबद्दल हे सगळं चाललंय ते मीच लिहिलं होतं. 'खिशाला परवडणारी' हे शब्दही माझेच, घ्या.

आम्ही वूस्टर निवडलं याचं कारण आपली बहुतेक मंडळी श्रूजबरी, वेस्टबरो, नॉर्थबरोची आहेत. वीस मिनिटांचा रस्ता. तिथे युनियन स्टेशनही जवळ आहे, पण रात्रीच्या गाड्या विरळ, म्हणून गाड्या करून जायचं, एका गाडीत सात जण. मग पार्किंग माणशी तीन डॉलरसुद्धा पडत नाही. ग्रुपची तिकिटं घेतली की दर उतरतो आणि कधी कधी पोरांना खेळाडू आत येतात त्या वाटेवर टाळ्या द्यायला उभं करतात. माझ्या मुलीला दोन वर्षांपूर्वी एका गोलकीपरने ग्लव्ह लावला होता. तिने तो हात रात्री धुतला नाही.

पैसे ही खरी अडचण नाहीच. डोकेदुखी आहे तिकिटांची. आता कागदी तिकीट नसतं, सगळं फोनवर. चाळीस तिकिटं माझ्या अॅपमध्ये येतात आणि मी ती एकेकाला पाठवायची. अर्ध्यांना ईमेल सापडत नाही, पाव जणांचा पासवर्ड हरवलेला, आणि एक काका दरवर्षी दारात उभे राहून फोन करतात की माझं तिकीट कुठाय. मी पहिला पिरियड कधीच बघितलेला नाही. गारठलेला, तुमचा एक गोल हुकला, माझे सगळे.

अवांतर: मॅच शनिवारी रात्री, आणि लगेच रविवारी संक्रांतीचं हळदीकुंकूही आहे. त्यावर वेगळा धागा निघेलच.

खडकीचा
मी ७१ वर्षांचा. सहा महिने मुलाकडे आलोय. खडकीत मातीवर हॉकी खेळलोय, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क समजतो.

मुलाने मागच्या महिन्यात नेलं होतं. तिकिटाचा आकडा मनातल्या मनात रुपयांत गुणला आणि तोंडाला कुलूप लावलं. आम्ही वानखेडेवर रणजी फुकट बघितली आहे. उद्या भारताकडून खेळणारा पोरगा हाताच्या अंतरावर बाउंड्रीला उभा असायचा, आणि आम्ही शेंगदाणे खात त्याला सल्ले द्यायचो. तुमची ही एएचएल म्हणजे माझ्या हिशोबाने रणजीच की. मग तिला पैसे का? मुलगा म्हणाला, बाबा, रणजीचा खर्च बोर्ड उचलतं, इथे तिकीट विकलं नाही तर संघच गाव सोडून जातो. ते मला आधी पटलं नव्हतं.

तक्रार पैशांची नाही, पायऱ्यांची आहे. फार उभ्या, आणि बऱ्याच ठिकाणी धरायला कठडा नाही. ज्येष्ठांना नेणार असाल तर रांग बघून तिकीट काढा. जिथून आत शिरता त्या दरवाज्याच्या पातळीवरची रांग मागायची, म्हणजे चढ-उतार नाही. शाल घ्या, गुडघ्यांवर टाकायला. आणि पहिल्या पिरियडमध्ये तो पक दिसतच नाही, चकती कसली, उडतं झुरळ. नातू म्हणाला, आजोबा, पक बघू नका, खेळाडूंचे खांदे कुठे वळतात ते बघा. मग दिसायला लागला.

मधल्या वेळात बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरते ती मात्र फार आवडली. शेणाने सारवल्यासारखं.

हॅरिसबर्गची मावशी
काका, 'सारवल्यासारखं' वाचून खुर्चीतून पडायची बाकी होते!

मी हर्शी बेअर्सवाली. १९३८पासून एएचएलमध्ये असलेला संघ, तोही एकाच गावात. २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकला. आमच्या जायंट सेंटरमध्ये साधारण साडेदहा हजार माणूस बसतं. तेव्हा 'लहान लीग आहे, ऐन वेळी खिडकीवर मिळेल तिकीट' या भरवशावर आमच्याकडे येऊ नका. लीग लहान, गर्दी मोठी. स्वस्त-महाग हे गावावर ठरतं, लीगवर नाही.

त्यातून टेडी बेअर टॉसची मॅच असेल तर विसराच. आपल्या संघाचा पहिला गोल झाला की अख्खं अरीना कापडी अस्वलं बर्फावर फेकतं आणि ती धर्मादाय संस्थांना जातात. जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३ खेळणी पडली. तिकीट, शिवाय अस्वलं विकत घ्या, शिवाय ती गोळा होईपर्यंत खेळ थांबलेला. मी सप्टेंबरपासून सेलमधली अस्वलं कपाटात साठवते. नवरा विचारतो, तू कुठली लीग चालवतेस.

एवढं असूनही आम्ही वर्षातून पाच-सहा मॅचेस बघतो. युक्ती एकच, बिनतारखेच्या व्हाउचरचा गठ्ठा घ्यायचा. दहा घेतले की दर कमी पडतो आणि वादळ आलं तर पुढच्या आठवड्यात वापरता येतात. मीठभाकर, तुमच्या फावड्याला हे उत्तर. तुमच्याकडचे संघ असं काही देतात का ते मात्र विचारून घ्या.

बे एरियाकर
खडकीच्या काकांचा मुलगा बरोबर बोलला, आणि त्याचं उदाहरण तुमच्या वूस्टरमध्येच आहे. तिथे आधी एएचएलचा संघ होता, वूस्टर शार्क्स. सॅन होजेच्या एनएचएल संघाच्या मालकांना पोरं जवळ हवी होती, २०१५ मध्ये तो आमच्याकडे कॅलिफोर्नियात बॅराकुडा होऊन आला. वूस्टर दोन वर्षं कोरडं राहिलं, मग २०१७ मध्ये रेलर्स आले. मधे २०१६ मध्ये स्प्रिंगफील्डचा संघ टूसॉनला गेला आणि मेन राज्यातल्या पोर्टलंडचा स्प्रिंगफील्डला आला. प्रॉव्हिडन्सचा संघसुद्धा १९९२ मध्ये पोर्टलंडहूनच आलेला. या धंद्यात गावं बदलायला वेळ लागत नाही. तेव्हा २६७ डॉलर म्हणजे गावात संघ राहण्याची वर्गणी समजा.

बॅराकुडाचं अरीना २०२२ मध्ये उघडलं, ४,२०० खुर्च्या. शेवटच्या रांगेतूनही गोलकीपरचं पुटपुटणं ऐकू आल्यासारखं वाटतं. एवढ्या जवळून एनएचएल बघायला किती मोजाल?

गारठलेला
आमचा संघ पळवला आणि वर वर्गणीचा उपदेश! वा!

गंमत सोडा, पण हा युक्तिवाद मला मान्य नाही. मालकांनी संघ हलवला तो तुम्हीच म्हणता तसं पोरं जवळ हवी म्हणून. वेस्टबरोच्या माझ्यासारख्याने प्रेट्झेल कमी खाल्ले म्हणून नव्हे. निर्णय त्यांचे, आणि अपराधाची भावना आम्हाला?

तिकीटबाई
इतका वेळ पॉपकॉर्न घेऊन वाचत होते. सुविधा शुल्काबद्दल: १२ मे २०२५पासून एफटीसीचा (अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाचा) नियम आहे की तिकिटाची किंमत दाखवताना बंधनकारक शुल्कासकट पूर्ण आकडा आधीच दाखवायचा. म्हणजे २८ दाखवून शेवटच्या पानावर साडेतेहेतीस करणं आता चालत नाही. शुल्क गेलं असं नाही, फक्त लपायचं थांबलं. ते खरंच वाचवायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी अरीनाच्या खिडकीवर जाऊन घेतलं की कमी पडतं. वेस्टबरोहून वूस्टर वीस मिनिटं ना? मग ऑफिसातून येताना कोणीतरी जा की.

मीठभाकर
तिकीटबाई, चाळीस तिकिटांवर माणशी पाच धरले तर २००. तेवढ्यात हळदीकुंकवाची वाणं येतील.

कमिटीवाली
बरं. व्हाउचरचं विचारते. खिडकीवर मी स्वतः जाते. शनिवारी रात्रीची मॅच सोडून रविवारची दुपारची घेतली तर लहान मुलांचा प्रश्न मिटतो, पण मग हळदीकुंकू शनिवारी न्यावं लागेल आणि त्याला निदान सहा घरांतून परवानगी लागेल. गारठलेला, तुमच्या घरची मिळेल का?

गारठलेला
घरची म्हणते, शनिवार चालेल. ती मॅचलाही येणार आहे, पर्स न घेता. माझी अट एकच. अरीनात बाहेरचं खाणं नेता येत नाही, तेव्हा आत शिरायच्या आधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून थालीपीठ आणि लोणी. सगळ्यांनी, पोरांनी आधी.

शॅरनकर
जानेवारीत, वीस फॅरनहाइटमध्ये, डिकी उघडून लोणी? त्या लोण्याला सुरी लागेल, चमचा नाही.

खडकीचा
लोणी नको, ठेचा न्या. मी आलो तर चालेल का? पायऱ्या नसलेल्या रांगेत.