अनुभव धागा : घरात राहणाऱ्या कुत्र्याचे मन कशात रमते?

कुत्र्याला दोन वेळ फिरवून आणले आणि वेळेवर खायला घातले की आपले काम संपले, अशी समजूत पुष्कळ घरांत असते. मग तोच कुत्रा सोफ्याची उशी फाडू लागला, दाराची चौकट कुरतडू लागला किंवा जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकू लागला की त्याला हट्टी ठरवले जाते. माझ्या मते यांतले बरेचसे प्रकार रिकामपणातून येतात. आपल्या कुत्र्याच्या डोक्याला काम मिळावे म्हणून आपण घरात नेमके काय करता, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. कुत्र्याची जात, वय आणि घराचे स्वरूप सांगितल्यास वाचणाऱ्यांना ताडून पाहता येईल. वागण्यात अचानक फरक पडला असेल तर त्यामागे दुखणेही असू शकते, म्हणून पशुवैद्यांची तपासणी आधी झालेली आहे, असे गृहीत धरू या.

पुणे. बीगल, नर, वय चार वर्षे. फ्लॅट.

बीगल ही सशांचा माग काढण्यासाठी इंग्लंडमध्ये जोपासलेली जात आहे, आणि तिचा सगळा कारभार नाकावर चालतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या आसपास असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्या १० ते ३० कोटींच्या घरात जातात. एवढे मोठे यंत्र घेऊन जन्मलेल्या प्राण्यासमोर आयता भरलेला वाडगा ठेवणे मला पटेनासे झाले, म्हणून आम्ही वाडगा जवळजवळ बादच केला आहे. सकाळचे कोरडे खाणे आप्पेपात्राच्या खळग्यांत वाटून घालतो आणि प्रत्येक खळग्यावर टेनिसचा एकेक चेंडू ठेवतो. कोणत्या चेंडूखाली खाणे आहे आणि कोणता खळगा रिकामा आहे, हे आमचा गोट्या आधी हुंगून ठरवतो आणि मगच चेंडू नाकाने ढकलतो. संध्याकाळी जुन्या पंचात दाणे पसरून त्याची सैलसर गुंडाळी करतो, आणि ती सहज उलगडू लागली की तिला एक गाठ मारतो. सर्वांत रंगतो तो शोधाचा खेळ. त्याला एका खोलीत थांबवून घरभर खाण्याचे तुकडे लपवायचे, सुरुवातीला डोळ्यांसमोर, पुढे दाराआड, आणि सराव झाल्यावर खुर्चीच्या बैठकीवर किंवा पुस्तकांच्या खालच्या फळीवर. शोधताना त्याच्या श्वासाचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. तासभर फिरून आल्यावरही तो घरात धुडगूस घालत असे. पंधरा-वीस मिनिटांच्या शोधानंतर मात्र आपणहून जाऊन झोपतो. हे सारे खाणे दिवसाच्या मोजलेल्या वाट्यातूनच द्यावे, कारण बीगलचे वजन फार लवकर वाढते. फर्निचरखाली राहिलेल्या दाण्यांना मुंग्या लागतात, त्याची तयारी ठेवावी.

ठाणे. देशी, मादी, रस्त्यावरून आणलेली, वय अंदाजे सहा.

वरील खेळ आमच्या चिमीपुढे मांडले तर ती आमच्याकडे पाहते आणि निघून जाते. चेंडू, दोरी, चिंचिं वाजणारे बाहुले यांपैकी कशातच तिला गोडी नाही. उमेदीची वर्षे रस्त्यावर काढलेल्या कुत्रीला आपला परिसर माहीत असणे, हेच मोठे काम वाटते, असा माझा तर्क आहे. म्हणून जाळी लावलेल्या बाल्कनीत तिच्यासाठी एक बुटके बाकडे ठेवले आहे. तेथून तिला फाटक, भाजीची गाडी आणि समोरच्या इमारतीतल्या मांजरी दिसतात. फिरताना अंतराचा हिशेब आम्ही सोडून दिला आहे. लांब दोरी लावून तिला हव्या त्या खांबापाशी हवे तितके हुंगू देतो आणि कोणत्या वळणावर वळायचे तेही तिलाच ठरवू देतो. जाणाऱ्या-येणाऱ्यांना आम्ही आळशी वाटत असू.

सांगली जिल्हा. कारवानी, नर, वय दोन. शेतावरचे घर.

कारवानी कुत्रा नजरेने शिकार करणारा आहे. हलणारी वस्तू दिसली की तो सुटलाच. आम्ही काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला जाड फडके बांधून ते जमिनीलगत फिरवतो. यात काही पथ्ये आहेत. वळणे मोठी घ्यावीत, कारण झटक्याने वळल्यास सांध्यांवर ताण येतो. फडके जमिनीपासून उंच उचलून उड्या मारायला लावू नयेत, आणि वाढीच्या वयातल्या पिल्लाबरोबर हा खेळ अगदी हलका ठेवावा. 'थांब' म्हटल्यावर थांबला तरच पुढची फेरी सुरू होते, त्यामुळे पळण्याबरोबर मनाला आवर घालण्याचाही अभ्यास होतो. शेवटी फडके त्याच्या तोंडात पडलेच पाहिजे. लेझरच्या ठिपक्यामागे कुत्रा पळवणे याच कारणासाठी वाईट: पकडण्यासारखे तेथे काही नसते, आणि काही कुत्री पुढे भिंतीवरच्या सावल्यांच्याही मागे लागतात.

मुंबई. लॅब्रॅडोर, मादी, वय तीन. घरातली माणसे दिवसभर बाहेर.

पोकळ रबरी खेळण्यात मऊ दहीभात भरून तो फ्रीझरमध्ये गोठवतो आणि घराबाहेर पडताना तिच्यापुढे ठेवतो. हे खेळणे अमेरिकेत १९७०च्या दशकात निघाले. फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी भाग कुत्रा आवडीने चघळतो, हे पाहून त्याच्या मालकाला ते सुचले होते. चाटणे आणि चघळणे यांनी कुत्रे शांत होते, हा आमचाही अनुभव आहे. भातात मीठ आणि फोडणी नसावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट तर कोणत्याच खाण्यात नकोत. शिजवलेली हाडे चघळायला देऊ नयेत, कारण त्यांच्या अणकुचीदार कपच्या निघतात.

रत्नागिरी. मिश्र जात, नर, वय पाच.

मुसळधार पावसात फिरणे बंद पडते, तेव्हा आम्ही वस्तूंची नावे शिकवतो. अमेरिकेतील चेसर या बॉर्डर कॉली कुत्रीला हजारांहून अधिक खेळण्यांची नावे येत असत. आमच्याकडे चप्पल, चेंडू आणि टोपली एवढीच प्रगती आहे, पण त्याच्या शेपटीवरून पाहता त्याला ती कमी वाटत नाही.

नागपूर. जर्मन शेफर्ड, मादी, वय एक.

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. वरचे वाचून कोणी दिवसभराचे वेळापत्रकच आखेल, अशी भीती वाटते. प्रौढ कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो आणि लहान पिल्लू त्याहूनही अधिक. आमची कुत्री सतत काहीतरी मिळण्याची सवय लागल्यामुळे क्षणभरही स्वस्थ बसेनाशी झाली होती. प्रशिक्षकांनी खेळ कमी करायला सांगितले, चटईवर नुसते पडून राहण्याबद्दल अधूनमधून शाबासकीचा तुकडा द्यायला सांगितले आणि दुपारच्या वेळी कोणीही तिच्याशी बोलायचे नाही, असा नियम घालून दिला. हा नियम पाळणे कुत्रीपेक्षा आमच्या मुलांना जड गेले.

नाशिक. लॅब्रॅडोर, नर, वय तेरा.

ब्रूनोचे मागचे पाय अधू आहेत आणि नजरही मंदावली आहे, परंतु नाक शाबूत आहे. गुळगुळीत फरशीवर तो घसरू नये म्हणून चटया अंथरल्या आहेत, आणि एका चटईपासून दुसरीपर्यंत उकडलेल्या चिकनच्या बारीक तुकड्यांची वाट करून देतो. वार्धक्यात काही कुत्र्यांना दिशाभ्रम होतो आणि रात्री जाग येते. म्हणून सामानाची जागा आम्ही बदलत नाही, नवेपणा काय तो वासातच ठेवतो. बागेतली वाळकी पाने, बाजारातून आलेला पुठ्ठ्याचा खोका, शेजारच्या कुत्र्याने लोळून दिलेले पोते, असे रोज काहीतरी त्याच्यापाशी आणून ठेवतो. पोत्यावर त्याचा सर्वांत जास्त वेळ जातो.