व्हॅलेंटाईन म्हणजे दिवस, माणूस की फेस्त?

समुद्रकाठी:
परवा रत्नागिरीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो, शेजारी दोन कॉलेजच्या पोरी, "अगं शनिवारी व्हॅलेंटाईन आहे ना, तू काय घालणार". तेव्हापासून डोक्यात किडा. इंग्रजीत व्हॅलेंटाईन म्हणजे ते माणूस पण आणि त्याला धाडलेलं कार्ड पण. आपण 'डे' सुद्धा गाळला आणि शब्द नुसता तारखेला चिकटवला. "तू माझी व्हॅलेंटाईन" असं मराठीत तोंडाने कोणी म्हणतं का? आणि पेपरवाले 'प्रेमदिन' छापतात तो मला शिक्षकदिन, ग्राहकदिन यांच्या रांगेत हार घालून उभा केल्यासारखा वाटतो.

आंबोळी:
मुळात ते माणसाचंच नाव. लॅटिन 'व्हॅलेन्स' म्हणजे धडधाकट, ताकदवान. व्हॅल्यू, व्हॅलिड, शाळेत रसायनशास्त्रात संयुजा शिकलो ती व्हॅलन्सी, सगळी एकाच घरातली भावंडं. आपल्या 'बल'शी नातं लावायचा मोह होतो, पण कानाला सारखं लागलं म्हणून सोयरीक जमवू नका. अर्थाने मात्र नाव आपल्या बळवंतासारखंच. म्हणजे बळवंतरावांच्या पुण्यतिथीला आपण गुलाब देतो 😄

कारण 14 फेब्रुवारी ही त्या संताच्या स्मरणाची तारीख, 3ऱ्या शतकात धर्मासाठी मारला गेला तो. त्यातही नोंदी दोन, एक रोमचा पाद्री आणि एक इटलीतल्याच तेर्नी गावचा बिशप, एकच माणूस की दोन यावर अभ्यासकांचं जमत नाही. सैनिकांची लपून लग्नं लावायचा वगैरे दरवर्षी जे फिरतं ते खूप नंतर चिकटलेलं. प्रेमाशी जोड सापडते ती थेट 14व्या शतकात, चॉसर या इंग्रज कवीच्या कवितेत, त्या दिवशी पक्ष्यांची सभा भरते आणि जो तो आपला जोडीदार निवडतो.

समुद्रकाठी:
पक्षी ठीक आहेत, आमच्या वेळासला फेब्रुवारीत कासवीण येते, अंडी घालते आणि मागे वळून न बघता परत दर्यात जाते.

हयसरचो:
वेंगुर्ल्यात आमचे शेजारी ख्रिश्चन, ते संताच्या दिवसाक 'फेस्त' म्हणतत, पोर्तुगीज फेस्तावरना इलेलो शब्द. पण ह्या संताचा फेस्त तेंच्या तोंडात कधी आयकूक नाय. आणि 'प्रेम' म्हणशात तर तो पिक्चरातलो शब्द. आमच्या घरात "तेचो जीव आसा तिच्यार" इतक्यान काम होता. नवऱ्याक खरो शब्द 'घो', पण तो आता शिवयेतच उरलो, "आवशीचो घो" म्हणताना कोणाक नवरो आठवता?

आंबोळी:
फेस्त ऐकू येणार कसं, 1969 साली कॅथलिक चर्चने सगळ्या जगासाठीच्या कॅलेंडरमधून त्याचा दिवस काढला. संत आहे अजून, पण त्या यादीत नाही. दुकानदारांच्या यादीत आहे.

मोहोर_गळती:
मग आपला 'मदनोत्सव' काय वाईट आहे? हर्षाच्या 'रत्नावली' नाटकात, 7व्या शतकातलं, पहिल्याच अंकात आहे, गुलाल उधळतायत, पिचकाऱ्या मारतायत, नगर नुसतं रंगलंय. आणि मदनाच्या पाच बाणांत एक बाण चक्क आंब्याचा मोहोर! फक्त आमच्याकडे मोहोर म्हटलं की बाण नाही आठवत, तुडतुडे आठवतात आणि फवारणीचं बिल.

समुद्रकाठी:
गुलाल, पिचकाऱ्या, अहो हा तर शिमगा! मदनोत्सव शब्द गोड आहे पण वापरणार कोण, "मदनोत्सवाला काय घालणार" असं स्टँडवर विचारून बघा. पण शिमग्यावरून एक सुचलं. तोही सणच, पण "काल त्यांच्याकडे शिमगा झाला" म्हटलं की भांडण झालं, मग महिना कुठलाही असो. तारखेतून सुटला की शब्द खरा आपला होतो. व्हॅलेंटाईन अजून तारखेतच अडकलाय.

हयसरचो:
अडाकलो नाय हां. मालवणात गेल्या मे म्हयन्यात आयकलंय, जेटयेर दोघा बसलेली, तर एक म्हातारो दुसऱ्याक सांगी, "तकडे नको जाव, तेंचो व्हॅलेंटाईन चालू आसा."

समुद्रकाठी:
मे महिन्यात?! मग झालं. पुल्लिंगी का ते तेवढं सांगा.

हयसरचो:
शिमगो पुल्लिंगी म्हणान.