फोमच्या गोळ्यांची बंदूक: लेकराच्या हातात द्यावी की नाही?

लातूरचा मामा
भाचा आठ वर्षांचा झाला म्हणून गंजगोलाईतून फोमच्या गोळ्यांची बंदूक आणली. दट्ट्या मागं ओढायचा, घोडा दाबायचा. लाल-निळे दिवे फिरतात, धडधड आवाज येतो. गोळीच्या टोकाला रबराची वाटी आहे. पोरगं ती जिभेनं ओली करतं आणि मांडणीवरच्या परातीवर नेम धरतं. टप्पकन चिकटली की घरभर नाचतं. तीन दिवस झाले, मोबाईल मागितला नाही. ताई मात्र म्हणते, "परत करून ये, घरात बंदूक नको." माझं मत स्पष्ट आहे: उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरू स्क्रीनवर डोळे फोडण्यापेक्षा हे बरं.

परभणीची सिस्टर
दादा, डोळ्यांचंच बोलू. मी डोळ्यांच्या वॉर्डात काम करते. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशाच फोमच्या गोळ्या लागलेल्या तिघांची नोंद छापली. दोन मोठी माणसं, एक ११ वर्षांचा मुलगा. तिघांच्याही डोळ्यात पुढच्या भागात रक्त उतरलं होतं. बरे झाले, पण गोळी मऊ म्हणून निर्धास्त राहू नका. डोळा त्याहून मऊ असतो. आणि त्या दिव्यांचे सेल कुठले आहेत ते आजच बघा. बटणासारखे चपटे असतील आणि झाकणाला स्क्रू नसेल, तर घरातल्या रांगत्या बाळापासून जपा. तसला सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून जाळतो. घरी वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

नांदेडचा दुकानदार
ताईंचं सेलचं म्हणणं सोळा आणे खरं. पण सगळा माल एका मापानं मोजू नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघूनच घ्या. जत्रेत प्लास्टिकच्या छर्र्यांची बंदूक मिळते, ती मी दुकानात ठेवतच नाही. फोमवाली ठेवतो.

बीडचे आजोबा
आम्ही ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो. त्यात खरा दगड असायचा. बांधावर माणूस दिसला की गोफण खाली, हे बापानं पहिल्या दिवशी शिकवलं. लेकराला वस्तू द्या आणि वळणही लावा. नुसतं "नको नको" केलं तर ते चोरून खेळंल.

अंबाजोगाईची शिक्षिका
काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते. गोफण पाखरासाठी होती, माणसासाठी नव्हती. हे खेळणं समोरच्या सवंगड्यावर धरण्यासाठीच घेतलं जातं, आणि तो पडला की दिवे लागतात, आवाज होतो, शाबासकी मिळते. सुट्टीनंतर माझ्या दुसरीच्या वर्गात मधल्या सुट्टीत पोरं बोटांची बंदूक करून एकमेकांच्या कपाळाला लावतात. मला ते बघवत नाही. मोबाईल सोडवायचा तर लगोरी आहे, विटीदांडू आहे.

नांदेडचा दुकानदार
मॅडम, विटी डोळ्याला लागलेली पोरं आमच्या गल्लीत आहेत.

लातूरचा मामा
सगळं वाचलं. काल सेल काढून ठेवले. दिवे आणि आवाज बंद, पण बंदूक चालतेच. आत स्प्रिंग आहे, तिच्या जोरानं हवा दाबली जाते आणि हवा गोळी फेकते. गोंगाट गेला तशी ताई निम्मी शांत झाली. नेम फक्त परातीवर, आणि दुसरं कुणी खेळायला आलं तर दोघांच्याही डोळ्यावर सुरक्षेचा गॉगल. माणसावर धरली की बंदूक आठ दिवस कपाटावर. मॅडम, तुमचं कपाळाचं वाचून मी भाच्याला विचारलं, "शाळेत असं करतोस का?" तो खाली मान घालून गप्प बसला. बंदूक परत करणार नाही, पण त्याच्याशी अजून बोलायचं आहे.

अंबाजोगाईची शिक्षिका
बोला दादा. माझा विरोध कायम आहे, पण आधी त्याच्याशी बोला.